नववी कुमारिका

आठ कुमारिका पाटावर बसल्या आणि नववी तापानं फणफणल्याचा निरोप आला. अष्टमीचा मुहूर्त टळेल म्हणून महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आपल्याच मोरीत भांडी घासणाऱ्या दहा वर्षांच्या पायलला हात पुसायला लावलं आणि नवव्या पाटावर बसवलं. बाईंच्या पदरावर ‘बालमजुरी हटवा’चा बिल्ला मिरवत होता. कालच्या मोर्चात घोषणा देऊन त्यांचा घसा बसला होता.

ओटीचं ताट धरून शेजारच्या अनसूयाकाकू पाहत होत्या. बाईंनी पायलचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं, पुरणपोळी वाढली. पोर जेवून उठली, तशा बाई म्हणाल्या, “चल गं, नऊ ताटं पडलीत. आटप लवकर!”

“देवीला खरकटं काढायला लावता?” काकूंनी हळूच विचारलं.

जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. बाई ओशाळं हसल्या. “तसं नाही हो! आजचा दिवस बसू दे की तिला.”

“आजचाच का?” काकूंनी पळीभर पाणी ताम्हनात सोडलं. “देवीसमोर संकल्प करते. उद्यापासून रोज हिचे पाय धुईन आणि दहाच्या ठोक्याला शाळेत पोचवीन. नाव घालायला मीच जाते.”

पायल डोळे विस्फारून पाहत राहिली. बायकांनी हात जोडले. संकल्पाच्या आड कोण येणार? बाईंनीही नाइलाजानं हात जोडले, पण राहवलं नाहीच.

“अहो, पण मग भांडी?”

“पाय किती छान धुतलेत तुम्ही,” काकू मऊ आवाजात म्हणाल्या. “ताटंही जमतील.”