पाच सेकंदांची शांतता

स्पर्धेचा नियम होता, माहितीपट आठ मिनिटांपुढे एक सेकंद गेला तरी बाद. आमचा पाच सेकंदांनी लांबला होता. शाळेच्या प्रसारण मंडळात मी आणि कोतोने, आम्ही दोघीच उरलो होतो, आणि विषय होता आमच्या बेटावरची फेरीबोट चालवणारे मोरिवाकी आजोबा. कोतोनेने त्यांना विचारलं होतं, "ओसाकाला गेलेल्या मुलाने परत यावं असं वाटतं?" आजोबा समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही." मी स्टॉपवॉच लावून मधली शांतता मोजली. बरोबर पाच सेकंद. "शांतताच तर आहे, उडव ना गं," कोतोने म्हणाली. मी उडवली. जिल्ह्यात आम्ही पहिल्या आलो. फिल्म दाखवायला आजोबांकडे गेलो. त्यांनी आमच्यापुढे संत्री ठेवली आणि ताठ बसून सगळी पाहिली. "इतक्या पटकन 'नाही' म्हणालो मी?" त्यांनी विचारलं. मी हातातलं संत्रं खाली ठेवलं. "मुलाला दाखवू नका हं, पोरींनो."