तातडीची कारवाई

“मारतात,” मुलगी म्हणाली आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर ओढून घेतला.

टॉवेल घसरला तेवढ्यात बालसुरक्षा अधिकारी बाईंनी पाहायचं ते पाहिलं होतं. पोहण्याच्या पोशाखाच्या कडेला, पाठीवर, दोन बोटं रुंद काळानिळा वळ. पट्ट्याचा. तलावाच्या काठावर आपटून असा वळ उठत नाही.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची ही खोली बाईंना स्पर्धेपुरती मिळाली होती. एरवी तिथे दोरखंड आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. दारावर पाटी होती, ‘मुलांनो, इथे बोला’. आतापर्यंत आलेली मुलं बोलायला आली नव्हती, प्रथमोपचाराची खोली समजून बँडेज मागायला आली होती.

“कधी मारतात?”

“पोहताना वेळ जास्त लागला की. तलावावर नाही मारत. नंतर.”

बारा वर्षांची पोर. पाण्यात सुळकन जाते म्हणून सगळे तिला मासोळी म्हणत. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम फेरीत तिचं नाव होतं. बोलताना ती टॉवेलचे धागे उपसत होती.

“तू इथे आलीस हे कोणाला माहीत आहे?”

“सरांना…” एवढं म्हणून मुलगी अडखळली.

सर म्हणजे तिचे प्रशिक्षक; बाईंना आणखी ऐकायची गरज वाटली नाही. मुलाला तेच तेच बोलायला लावून खपली काढायची नाही, हे त्यांना प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. “पुरे, बाळा. कळलं मला. आता पुढचं माझ्यावर सोड.”

स्पर्धेचे सचिव जेवत होते. ऐकून त्यांनी घास खाली ठेवला.

“उद्या अंतिम फेरी आहे, बाई. परवा बघू.”

“परवापर्यंत ती त्याच्याच हाताखाली असेल.”

“अहो, तो माणूस पोरांवर जीव टाकतो. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका.”

“वळ मी डोळ्यांनी पाहिलाय. तुम्ही त्यांना थांबवताय, की मी वरच्या समितीला फोन लावू?”

बाई दारातच उभ्या राहिल्या. अशी कितीतरी प्रकरणं परवावर ढकलून ढकलून विरून गेलेली त्यांनी पाहिली होती. शेवटी सचिव म्हणाले, “करा तुम्हाला काय करायचं ते,” आणि पुन्हा डब्यात डोकं घातलं.

प्रशिक्षक काठावर गुडघे टेकून एका पोराच्या चष्म्याचा पट्टा आवळत होते. आडदांड माणूस, ओरडून ओरडून आवाज कायमचा बसलेला. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

“तुमच्याविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आहे. चौकशी होईपर्यंत तुम्हाला तलावावर थांबता येणार नाही.”

“कोणाची तक्रार?”

“सांगता येत नाही.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. कर नाही त्याला डर कशाला. खरा असता तर तलाव डोक्यावर घेतला असता, असं बाईंना वाटलं.

“मासोळी तुमच्याकडे येऊन गेली का?” त्यांनी विचारलं.

“कोण आलं, कोण गेलं, तेही सांगता येत नाही.”

“मग एवढं करा, मॅडम. तिला आज घरी पाठवू नका. इथेच मुलींच्या वसतिगृहात ठेवा.”

“का?”

“ते तिनेच सांगायचंय. मी तिला शब्द दिलाय.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान मुलींना असले शब्द देणारी माणसं त्या पुरेपूर ओळखून होत्या. “तिच्याशी तुमचा यापुढे काही संबंध नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला हाक मारली.

मुलीचे वडील फोन करताच आले. इस्त्रीचा शर्ट, ओलावलेले डोळे. खुर्चीच्या टोकावर बसले.

“आम्ही डोळे झाकून पोर त्या माणसाच्या हवाली केली होती,” ते म्हणाले. “तुम्ही नसतात तर आम्हाला पत्तासुद्धा लागला नसता. नक्की काय काय म्हणाली ती?”

पालकांपासून काही लपवायचं नाही, असा नियमच होता. बाईंनी सगळं सांगितलं. वेळ जास्त लागला की मार, तोही नंतर, कोणी बघत नसताना. पाठीवरचा पट्ट्याचा वळ.

“असं म्हणाली?”

मग बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मासोळी आली ती जमिनीकडे बघतच. सुटका झाली तरी मुलं लगेच हसत नाहीत, हेही बाईंना ठाऊक होतं.

“बाई, मी इथेच राहू का?” तिने विचारलं. “उद्या फेरी आहे ना.”

“पोहणं कुठे पळून जात नाही, बाळा. आधी घर.”

वडिलांनी तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि दुसरा हात तिच्या मानेवर ठेवला. “चल. घरी जाऊन बोलू आपण.”

संध्याकाळी बाई निघाल्या तेव्हा पाय दुखत होते, पण मन हलकं होतं. आज नोकरीचं चीज झालं होतं. फाटकाबाहेर, फुटपाथच्या कडेला प्रशिक्षक बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बाईंना पाहताच ते उठले.

“मॅडम, तेवढं फक्त सांगा. मासोळी वसतिगृहात आहे ना?”

“ती तिच्या घरी आहे, तुमच्यापासून लांब,” बाई म्हणाल्या. “वडील स्वतः येऊन घेऊन गेले.”

प्रशिक्षकांच्या हातातून बॅग खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

“बापाचं नाव सांगायलाच तर मी तिला तुमच्याकडे पाठवलं होतं.”