द्राक्षाच्या रानातून रस्ता

जेसीबीचं तोंड पहिल्या वेलाला लागायचंच बाकी होतं. चालक फारूकनं इंजिनाच्या घरघरीतून मोठ्यानं विचारलं, "सरपंचताई, घालू का?"

सरपंच प्रियदर्शनी मशीनच्या बाजूला थांबली होती. मागं अख्खी वाडी उभी होती. समोर नाथाजी सुभेदार, हाताची घडी घालून, मशीनला आडवा. त्याची बायको बनुबाई द्राक्षाच्या ओळीत मातीतच बसली होती. तिच्या डोक्यावर घड लोंबत होते. मण्यांत नुकतं पाणी उतरायला लागलं होतं.

ओढ्यावरचा पूल दिवाळीच्या सुमारास खचला, तेव्हापासून वाडीला रस्ता उरला नव्हता. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डोंगर. तासगावच्या डांबरी सडकेला भिडायचं तर नाथाजीचं रान मध्ये. अँब्युलन्स पलीकडंच थांबायची आणि आजारी माणसाला बाजेवर घालून ओढ्यातून न्यावं लागायचं. प्रियदर्शनीची सून शिवांजली, तिचे दिवस भरत आलेले. बाळ आडवं आहे, कळा सुरू व्हायच्या आत हिला दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आज सकाळीच शिवांजलीची कंबर दुखायला लागली होती.

नाथाजी फौजेतून निवृत्त होऊन आलेला. स्वतःला स्वातंत्र्यवादी म्हणवायचा. सरकारनं सीमा सांभाळावी, चोर धरावा, बाकी माणसाला त्याच्या मनानं जगू द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. प्रियदर्शनी समाजवादी. पाणी, रस्ता, दवाखाना सगळ्यांचा, आणि ज्याच्याकडं कमी त्याचा आधी, हे तिचं. पारावर दोघांची जुंपली की वाडी ऐकत बसायची आणि उठताना आपापला अर्थ घेऊन जायची. सरपंचबाईचं चाललं तर ती आपल्या दारातली म्हैससुद्धा वाटून टाकील, असं काहीजण म्हणत. शेजारी मेला तरी दार उघडायचं नाही, हाच नाथाजीचा धर्म, असं बाकीचे म्हणत. गंमत अशी, की त्या दोघांनीही एकमेकांना तेवढंच ओळखलं होतं.

म्हणून तर नाथाजीच्या फाटकावर रस्त्याची नोटीस चिकटवली, तेव्हाच तो काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. "माझ्या रानात कुणाची ऑर्डर चालायची न्हाई," असं तो म्हणाला. मग त्याच्या रानातून रस्ता काढायचा ग्रामसभेत ठराव झाला. आणि आज हे मशीन.

"आवं वैनी, बघताय काय नुसतं?" तिचा चुलतदीर अर्जुना मागून म्हणाला. "ह्या एकट्यापायी वाडी मारायची का? सांगा फारूकला, घाल म्हणून."

प्रियदर्शनीनं बनुबाईकडं पाहिलं. बाई रडत नव्हती. दोन्ही तळवे मातीवर दाबून नुसती बसली होती.

हे बसणं प्रियदर्शनीनं आधी पाहिलं होतं. साताऱ्याकडच्या डोंगरात, माहेरच्या गावी, तिची आई अशीच उंबऱ्यावर बसली होती. धरणासाठी घरं उठवायला मशीन आलं होतं. साहेब भला माणूस, समजावून सांगत होता, की बाई, हे सगळ्यांच्या भल्यासाठी आहे. ते खोटंही नव्हतं. धरणाच्या पाण्यानं खालच्या गावांची रानं भिजली. पण आईला दोन पोलीस बायकांनी धरून उचललं, आणि मग भिंत पडली. त्या दिवसापासून प्रियदर्शनी मशीनच्या समोर बसणाऱ्यांच्या बाजूनं उभी राहत आली. त्यालाच ती समाजवाद म्हणत आली. आज मशीन तिनं आणलं होतं.

घरी शिवांजली कंबर धरून खाटेवर बसली असेल. तरी ती बोलली.

"बंद कर, फारूक."

इंजिन थांबलं. एकदम इतकं शांत झालं, की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"ठराव मी मागं घेते," ती म्हणाली. "वाडीला रस्ता पायजेच हाय. पण असा न्हाई. शिवांजलीला आपण बाजेवरनं नेऊ."

"म्हंजे तुमीबी त्याच्याच पार्टीच्या झाला म्हणायचं," अर्जुना म्हणाला.

सून आणि नातवंड दोन्ही आपण पणाला लावून बसलो, एवढंच तिला कळत होतं. बाज आणायला ती माघारी वळली.

पाठीमागं तार सुटल्याचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. नाथाजीनं ओळीच्या शेवटच्या खांबाला बांधलेली वेलांची तार आपल्या हातानं सोडली होती. वेल घडांसकट खाली बसला. बनुबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि पुढच्या खांबाकडं गेली.

"फारूक, ह्या दोन ओळी काढ," नाथाजी म्हणाला. "वेल जपत बसू नको. अर्जुना, अँब्युलन्सला फोन लाव. फाटकातनं आत या म्हणावं."

अर्जुनानं खिशातून फोन काढला.

प्रियदर्शनी नाथाजीजवळ गेली. "तात्या, द्यायचाच हुता रस्ता, तर इतकं दिवस न्हाई का म्हणत हुता?"

नाथाजी दुसरी तार सोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"रस्त्याला न्हाई कवा म्हणलो मी? नोटीस आली, मग ठराव आला, आज मशीन आलं. तात्या, रस्ता देता का, असं इचारायला मातर कोण आलंच न्हाई."