डोकेबाज

"डोकं लाव रे किरण, डोकं लाव!"

अख्खी वाडी एका दमात ओरडली आणि त्याच्या बहिणीनं, गौतमीनं, डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा चेंडू लांब गेला होता आणि किरण उभा होता. उभा आहे बाबा, उभा आहे. तिनं श्वास सोडला.

देवळापुढच्या मांडवात टीव्ही लावला होता. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या सुनीलनं त्याला आपला मोबाइल जोडून दिला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर धनगरांची ही मूठभर घरं. आणि त्यातला एक पोरगा गोव्यातल्या क्लबाकडून फुटबॉल खेळतो, तोही पगारी! लीग दुसऱ्या फळीची, पण वाडीला त्याचं काय? आज सीझनची शेवटची मॅच होती. जिंकली तर क्लब टिकणार, नाहीतर घसरून तिसऱ्या फळीत जाणार. एक-एक अशी बरोबरी चालली होती, आणि बरोबरी कामाची नव्हती.

"शालंत याचं डोकं चालत नाय म्हणून मास्तरनं घरी धाडला व्हता," धोंडूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता बग म्हणावं! माज्या लेकाचं डोकंच चालतंय!"

मांडव खदखदून हसला. ही मस्करी ती दर मॅचला करायची आणि लोक दर मॅचला हसायचे. किरण बचावाला खेळायचा. उंच आलेला चेंडू त्याच्या डोक्याचा. म्हणून वाडीनं त्याचं नाव ठेवलं होतं डोकेबाज.

गौतमी मात्र चेंडू उंच उडाला की हात जोडायची. दुसऱ्या कुणाकडं जाऊ दे गो आई, ती मनात देवीला विनवायची, कुणाच्याही पायाशी जाऊ दे.

शिमग्याला किरण दोन दिवस घरी आला होता. शेण काढायला ती गोठ्यात गेली, तर भर दुपारी हा म्हशींच्या आडोशाला, काळोखात, टॉवेल डोक्यावर ओढून बसलेला. उजेड सोसत नव्हता. तिच्यादेखत भडाभडा ओकला. मॅचमध्ये दुसऱ्या एकाच्या डोक्यावर डोकं आपटलं होतं. क्लबात कुणाला पत्ता लागू न देता त्यानं बाहेर डॉक्टर गाठला होता. डॉक्टरनं सांगितलं, खेळ बंद. डोक्याला आता परत मार लागता कामा नये.

"आनि लागला तर?" तिनं विचारलं होतं.

किरणनं टॉवेल आणखी पुढं ओढला. मग म्हणाला, "आईला सांगशील तर माजी शपथ हाय. सीझन संपू दे फक्त."

सीझन म्हणजे आंब्याचा, एवढंच तिला ठाऊक. पाऊस लागला की तो आपसूक संपतो. हा मेला काही संपता संपत नव्हता.

"आई," तिनं धोंडूबाईचा दंड धरला, "मला काय तरी सांगायचंय गो."

"आत्ता? गप बस जरा. कॉर्नर मिलालाय!"

शेवटची मिनिटं. कॉर्नरला किरण बचाव सोडून धावत पुढं गेला. सुनील उठून उभा राहिला, मग सगळेच उठले. "टेन्शन नको काकी, अपना भाई जाम फॉर्मात हाय!" तो ओरडला.

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, शपथ मोडून सांगायला हवं होतं.

चेंडू वळत वळत आला. किरण उडाला, समोरचा गोलकीपर मूठ उगारून उडाला. वाडीनं चेंडू जाळ्यात जाताना पाहिला. गौतमीनं फक्त भाऊ पाहिला. तो पाठीवर आदळला होता आणि त्याचे हात, नको तसे, ताठ वर राहिले होते.

ढोल सुरू झाला. शिमग्यातला उरलेला गुलाल कुणीतरी उधळला. पडद्यावर किरणच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला उठवलं, मिठ्या मारल्या. तो हसत होता. शिट्टी वाजली. सीझन संपला! गौतमी मटकन खालीच बसली. सुटलो, उठला, हसतोय, असं ती स्वतःलाच सांगत राहिली.

ढोल थांबायच्या आतच सुनीलचा मोबाइल वाजला. किरणच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल. पण पडद्यावर त्याचा कुणी जोडीदार होता. "आंटीजी, लो, अपना हीरो!" असं ओरडत त्यानं मोबाइल किरणकडं वळवला. किरणच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ होतं.

धोंडूबाईनं मोबाइल तोंडाजवळ धरला. "किरण! बाला, बगितला रे, सगला बगितला आमी!"

किरणनं तिच्याकडं नीट पाहिलं. हसला. हात जोडले.

"थँक यू, मावशी."

मांडवात हशा पिकला. "मोटा झाला, मोटा झाला!" म्हातारा श्रीपत मांडीवर थाप मारत म्हणाला. "गोल काय मारला, आईला मावशी म्हनतो!"

"आं? मेल्या, माजीच मस्करी करतोस?" धोंडूबाईला हसू आवरेना. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मोबाइल गौतमीच्याही पुढं धरला.

किरणनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. हसू तसंच होतं, अदबशीर, परक्या माणसांपुढचं.

"तुम्ही कुठून बघत होता मॅच?" त्यानं विचारलं.