भिंतीपलीकडचा रेडिओ

“सकाळी माझा रेडिओ ऐकू आला नाही, तर दार वाजव हं,” शेजारची मेक्सिकन ओफेलिया म्हणाली होती. शाल्मली हसली होती. “आधी आवाज तरी कमी करा, मावशी!”

शिकागोतल्या त्या भिंतीतून रोज स्पॅनिश स्टेशन घरात झिरपायचं. गाणी, वाढदिवस, श्रोत्यांचे फोन. ओफेलियाही रोज स्टेशनला फोन करून साऱ्या वस्तीची खुशाली विचारायची. शाल्मली ऑफिसात असताना तिच्या लेकीला, ओवीला, तीच सांभाळायची. पोर मराठीआधी रेडिओचं स्पॅनिश बोलायला लागली. शाल्मलीला ते खुपायचं.

शनिवारी भिंत गप्प होती. किती बरं वाटलं! शाल्मली निवांत कॉफी प्यायली.

रविवारी ओवीने हट्टाने मोबाइलवर तेच स्टेशन लावून घेतलं. ऐकता ऐकता थबकली.

“आई, रेडिओतले काका विचारतायत, आपली ओफेलिया कुठेय? कालपासून तिचा फोन का नाही?”

शाल्मली ओफेलियाच्या घराची किल्ली घेऊन धावली. ओफेलिया ओट्यापाशी पडली होती, थंडगार.

आता ते स्टेशन शाल्मलीच्या घरात वाजतं, मोठ्याने. तिला रडू येत नाही. ती नुसती ऐकते.

तुमच्या शेजारचा एखादा नकोसा आवाज आज थांबलाय का? मग वाचत काय बसलात? जा, दार वाजवा.