घरघर

निवृत्त झाल्यापासून नाना रोज दुपारचं जेवण झालं, की खोलीचं दार लोटून आत्मचरित्र लिहायला बसत. त्यांचा जुना कॉम्प्युटर असा घरघरे, की खोलीतून विमान निघालंय असं वाटावं. तरी घरात लेखकाचा मान मोठा. सून टीव्ही बारीक करी, नातवंडं चवड्यांवर चालत आणि चारच्या ठोक्याला चहा दाराशी जाई.

"कुठवर आलंय?" बायको विचारी.

"चौथं प्रकरण," नाना डोळे चोळत सांगत. "चांगलं रंगात आलंय."

"पण या घरघरीत तुम्हाला सुचतं तरी कसं हो?"

"अगं, राहू दे. सवय झालीय मला," असं नाना म्हणेपर्यंत तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलंसुद्धा. त्याने खोका उघडून मूठभर धूळ काढली, खडखडणारा पंखा बदलला आणि खाली रबराचे पाय चिकटवले. कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे दिवा बघितल्याशिवाय कळेना.

दुसऱ्या दिवशी नानांनी जेवून नेहमीसारखं दार लोटलं, कॉम्प्युटर चालू केला, खुर्ची मागे झुकवली आणि पोटावर हात ठेवून पाचव्या प्रकरणासाठी डोळे मिटले.

जाग आली ती दाराबाहेरच्या बायकोच्या कौतुकाने.

"अहो, काय हुशार माणूस हो तो! तुमच्या टायपिंगचासुद्धा आवाज घालवला त्याने. घोरण्याचा तेवढा राहिलाय, उद्या परत बोलावू का?"