कहाणीला हुंकार

२०२२ सालचा श्रावण. कादंबरीनं आईला नवा फोन आणून दिला आणि त्याच महिन्यात नंदानं सासूबाईंशी लबाडी केली.

लबाडी तशी छोटीशीच. डोंबिवलीतल्या त्या घरात आता तिघीच होत्या. नंदा, तिची लेक कादंबरी आणि सासूबाई गोदूबाई. श्रावणात रोज, पूजा झाली की जेवणाआधी, त्या त्या वाराची कहाणी सांगायची तिथली रीत. ऐकणारीनं मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला 'हुं' म्हणायचं. हुंकाराशिवाय कहाणी पोचत नाही, असं गोदूबाई म्हणत. नंदा लग्न होऊन आली तेव्हा रेल्वे फाटकापलीकडे अजून भातखाचरं होती. तेव्हा सांगणाऱ्या गोदूबाई आणि हुं म्हणणारी नंदा. पुढं गोदूबाईंचे दात गेले, शब्द निसटायला लागले, तशा जागा बदलल्या. नंदा सांगायची आणि गोदूबाई पलंगावर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकायच्या. एरवी त्यांचं कशात लक्ष नसे. पाठीमागून हाक मारली तर वळतही नसत. वय झालं, असं मायलेकी म्हणत.

नव्या फोनवर कादंबरीनं आईला शाळेच्या मैत्रिणी शोधून दिल्या. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाळेतल्या, दोन वेण्यांच्या मुली. आता सगळ्यांचे केस पांढरे. बारा वाजता त्या व्हिडिओवर जमायच्या.

"नंदे, अगं तू तर माझी आत्या दिसतेस!"

"आणि तू? तुझ्या आत्याचीही आत्या!"

नंदा पोट दुखेपर्यंत हसली. असं आपण शेवटचं कधी हसलो ते तिला आठवेना. पण बारा हीच कहाणीची वेळ.

"रेकॉर्ड करून ठेव ना," कादंबरी म्हणाली. "तुझा जुना फोन पडलाच आहे. आजीला आवाज तुझाच ऐकू येणार. तिला काय फरक पडतो?"

नंदानं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सगळ्या वारांच्या कहाण्या त्या तडकलेल्या फोनमध्ये भरल्या. सवयीनं दर वाक्यानंतर थांबली, एका हुंकारापुरती. दुसऱ्या दिवशी तिनं गोदूबाईंच्या मुठीत अक्षता दिल्या, फोन उशीशी ठेवला आणि त्यांच्यासमोर वाकून म्हणाली, "आई, आजपासून हा सांगेल हं कहाणी. मला जरा काम असतं."

गोदूबाईंनी फोनकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

नंदा गॅलरीत जाऊन बसायची. मैत्रिणी हसायच्या, तीही हसायची, पण एक कान आत असायचा. आतून 'हुं' आलं की तिला हायसं वाटे. पुढचं 'हुं' येईपर्यंत पुन्हा टोचणी सुरू. जेवताना ती सासूबाईंच्या पानात तूप जरा जास्तच वाढायची आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही.

श्रावण सरत आला होता. एका शुक्रवारी गॅलरीत रेंज गेली म्हणून नंदा लवकर आत आली. खोलीत कहाणीचा आवाज नव्हता. जुन्या फोनची बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नसे. काच काळीठिक्कर. आणि गोदूबाई डोळे मिटून, मूठ घट्ट धरून, थांबून थांबून म्हणत होत्या, "हुं... हुं..."

"आई."

"हुं."

"अहो आई!"

"हुं."

नंदानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गोदूबाई दचकल्या. "झाली होय गं कहाणी?"

"फोन बंद पडलाय, आई. तुम्हाला ऐकू येत नाही?"

गोदूबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "बरीच वर्षं झाली. तुझं तोंड हलताना दिसलं की कळायचं मला. पाठच आहेत सगळ्या. त्या मेल्याला तोंडच नाही."

"मग हुं कशाला म्हणत होतात?"

"हुं थांबलं की तू उठून येशील. तिकडे गॅलरीत हसताना दिसायचीस. म्हटलं, हसू दे."

"पण ऐकू येत नाही हे सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितलं असतं, तर बहिरीसमोर रोज येऊन बसली असतीस?"

बसले असते, असं नंदाला म्हणायचं होतं. तिनं बंद पडलेला फोन उशीपासून उचलून बाजूला ठेवला.

उरलेला श्रावण तिनं समोर बसून सांगितला. मैत्रिणींनी वेळ बदलून चारची केली. कुणाचंच काही अडलं नाही. हे आधी का विचारलं नाही, याचं उत्तर नंदाला आजही देता येत नाही.

गणपती झाल्यावर कानाचं मशीन आणलं. कुकरची शिट्टी डोक्यात जाते म्हणून गोदूबाईंनी ते थोड्याच दिवसांत डबीत ठेवून दिलं. पुढच्या माघात त्या गेल्या. कादंबरी लग्न होऊन ठाण्यात कोलशेतला राहायला गेली. मैत्रिणींचा ग्रुप आहे, त्यातल्या दोघी आता नाहीत. नंदा त्याच घरात आहे. त्या मशीनच्या दिवशी दवाखान्यात काय झालं, ते तिनं लेकीलाही सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी मशीन कानात बसवलं, तेव्हा नंदानं विचारलं होतं, "येतंय का ऐकू, आई?"

गोदूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"नंदा, हा तुझा आवाज?" त्या म्हणाल्या. "एवढा थकला होय गं? तू समोर बसायचीस, तेव्हा मला कोवळाच ऐकू यायचा."